शुद्ध पाठ आणि एकटा खेळाडू

संगणकाच्या परिभाषेत ‘रॉम’ म्हणजे जिच्यातून केवळ वाचता येते, जिच्यावर काही लिहिता येत नाही, अशी स्मृती. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी जे खेळ निघाले ते अशाच वाचनीय स्मृतीच्या चपट्या कार्ट्रिजमध्ये बंदिस्त करून विकले जात. कालांतराने त्या कार्ट्रिजमधील मजकूर संगणकावर उतरवून घेण्याची सोय झाली, आणि जे केवळ वाचण्यासाठी दिले होते त्यावर वाचक लिहू लागले. या उद्योगाला ‘रॉम हॅक’ असे नाव पडले. नावाला चोरीचा वास आहे. काम मात्र पुष्कळदा संपादकाचे असते, आणि तेही त्या जातीच्या संपादकाचे, जो हस्तलिखितासमोर बसून एकेका अक्षराशी हुज्जत घालतो. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा विषय प्रथमदर्शनी परका, कदाचित पोरकटही वाटेल. परंतु मूळ संहिता, तिचे पाठभेद, प्रक्षेप आणि शुद्धीकरण यांच्या सहवासात ज्याची वर्षे गेली आहेत त्याला या प्रांतात ओळखीची माणसे भेटण्याचा संभव बराच आहे.

या हौशी संपादकांचे विशेष आवडते क्षेत्र म्हणजे ‘पोकेमॉन’ मालिकेतील खेळ. ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हा तिचा पहिला जोडखेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ चा. बालपण टोकियोच्या परिसरातील माचिदा येथे गेलेले. शेते आणि तळी बुजवून शहर पसरत होते त्या काळात हा मुलगा किडे गोळा करीत हिंडत असे. खेळाची कल्पना त्या हिंडण्यातून आली. एक मूल घर सोडून निघते. रानात, गुहेत, पाण्यात त्याला अद्भुत प्राणी भेटतात. ते त्यांना पकडते, वाढवते, इतरांच्या प्राण्यांशी लढवते. प्राण्यांची पातळी वाढते आणि बहुतेकांचे रूप यथाकाल पालटते. या पालटण्याला खेळात ‘उत्क्रांती’ म्हणतात. प्रत्येक प्राणी अग्नी, जल, शिला, विष अशा एखाद्या किंवा दोन प्रकारांत मोडतो आणि कोणता प्रकार कोणावर मात करतो याचे एक कोष्टक असते. प्राण्यांच्या जाती १५१, आखाडे आठ, प्रत्येक आखाड्याचा एक प्रमुख. एवढ्या सामग्रीवर एका पिढीचे बाल्य उभे राहिले. ती पिढी आता मोठी झाली आहे आणि आपल्या बालपणीची पोथी हाती घेऊन ती दुरुस्त करीत बसली आहे.

ही दुरुस्ती ज्या रूपात इतरांपर्यंत पोहोचते ते रूप मोठे बोलके आहे. हौशी कर्ता आपला सबंध खेळ सहसा वाटीत नाही. तो ‘पॅच’ वाटतो. पॅच म्हणजे ठिगळ, म्हणजे निव्वळ फरकांची यादी. मूळ मजकुरातील अमुक स्थानापासून अमुक इतकी अक्षरे काढावीत आणि त्यांच्या जागी ही घालावीत, एवढेच त्यात असते. ‘आयपीएस’ या जुन्या पद्धतीच्या फाइलीचा आरंभ ‘पॅच’ या शब्दाच्या पाच रोमन अक्षरांनी होतो, समाप्ती तीन अक्षरांच्या एका संक्षेपाने होते, आणि मध्ये स्थान, लांबी व नवा मजकूर यांखेरीज काही नसते. मूळ खेळ ज्याचा त्याने आणावा. नंतर आलेल्या ‘यूपीएस’ आणि ‘बीपीएस’ या पद्धती अधिक सोवळ्या आहेत. पॅच ज्या प्रतीसाठी रचला तिच्यापासून हाताशी असलेली प्रत एका अक्षरानेही वेगळी असली तरी त्यांना ते कळते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक महाभारताच्या प्रत्येक पृष्ठावर वर स्वीकृत पाठ आणि खाली पाठभेदांची दाटी असते. त्या पृष्ठाचा खालचा अर्धा भाग कापून कोणी निराळा बांधावा आणि वाचकाला सांगावे की वरचा भाग तुझ्याजवळ असेल तरच हा उपयोगाचा. पॅच हा ग्रंथप्रकार काहीसा असा आहे. त्याला स्वतःचे अस्तित्व नाही, आणि तरीही त्यात एखाद्याच्या आयुष्याची पाच-सहा वर्षे असू शकतात.

जुन्या रूपांतरकारांना जागेची अडचण फार होती. जपानी आवृत्तीत प्राण्याच्या नावाला पाच अक्षरांची जागा, इंग्रजीत दहा. संवादातले वाक्य बदलायचे तर ते जुन्या वाक्याच्या लांबीत बसवावे, नाही तर नवे वाक्य स्मृतीच्या रिकाम्या कोपऱ्यात लिहून जुन्या जागेवरचा निर्देश तिकडे वळवावा. वृत्ताच्या मात्रा मोजणाऱ्या कवीला ही यातना समजेल. पुढे काही मंडळींनी मिळून त्याहून अचाट काम केले. यंत्राला कळणाऱ्या आकड्यांवरून मागे मागे जात त्यांनी माणसाला वाचता येईल अशी खेळाची आज्ञावली पुन्हा लिहून काढली, आणि कसोटी अशी ठेवली की ती यंत्रभाषेत परत उतरवली असता मूळ कार्ट्रिजमधील मजकूर अक्षरशः तसाच मिळाला पाहिजे. ‘रेड’, ‘क्रिस्टल’, ‘एमराल्ड’ या खेळांच्या अशा संहिता आज सिद्ध आहेत. छापील ग्रंथावरून कर्त्याच्या खर्ड्यापर्यंत पोहोचण्याचा हा प्रकार आहे. फरक एवढाच की खर्ड्यातील नावे, टिपणे आणि परिच्छेद संपादकांनी आपल्या बुद्धीने घातलेले आहेत.

साधने हाती आली की प्रश्न उरतो तो विवेकाचा: काय बदलावे, आणि काय तसेच राहू द्यावे?

काही ठिकाणी उत्तर सोपे असते. १९९६ च्या मूळ खेळात एक पात्र सांगते की मानसशक्तीच्या प्राण्यांना भीती वाटते ती भुतांची आणि किड्यांची. प्रत्यक्षात मात्र भूतप्रकारचा प्रहार त्या प्राण्यांवर अजिबात चालत नाही. कथानक एक सांगते, कोष्टक दुसरे सांगते. १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये स्वतः कर्त्यांनीच हा दोष काढून टाकला. २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मधील फ्लिंट हे पात्र तर विनोदाचा विषय होऊन बसले. फ्लिंट हा अग्निविद्येचा आचार्य, खेळाच्या अखेरीस भेटणाऱ्या चार श्रेष्ठींपैकी एक. त्याच्याजवळ प्राणी पाच, त्यांपैकी अग्नीचे फक्त दोन. उरलेल्यांत एक पोलादी सर्प, एक ससा आणि एक फुग्यासारखे भूत. कारण उघड होते. त्या खेळाच्या प्रदेशात अग्निवंशीय प्राण्यांची कुळेच दोन होती, आणि आचार्याला यजमानाच्या घरी असेल त्या सामग्रीवर होम करावा लागला. २००८ च्या ‘प्लॅटिनम’मध्ये मूळ कर्त्यांनी त्याची अब्रू राखली. अशा जागी हौशी संपादकाने लेखणी चालवली तर कोण आक्षेप घेईल? हा भ्रष्ट पाठ आहे आणि संहिताच तशी साक्ष देते.

पण सगळे दोष असे साक्षीदार घेऊन येत नाहीत. पहिल्या आखाड्याचा प्रमुख ब्रॉक याच्यापाशी ऑनिक्स नावाचा प्राणी असतो. शिळांची माळ ओवल्यासारखा तो प्रचंड सर्प पडद्यावर आला की आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या पोटात गोळा यावा अशीच त्याची योजना आहे. आकडे पाहिले तर निराळेच दृश्य दिसते. ऑनिक्सची संरक्षणशक्ती १६०, परंतु आक्रमणशक्ती अवघी ४५. म्हणजे खेळाच्या पहिल्याच वाटेवर भेटणाऱ्या पिजी या चिमुकल्या पाखराइतकीच. शिवाय त्याची प्राणशक्ती फक्त ३५, आणि पाण्याच्या किंवा वनस्पतीच्या साध्या प्रहारानेही तो कोसळतो. प्रौढ खेळाडूला ही विसंगती सलते. एवढा मोठा सर्प आणि चिमणीचे बळ! म्हणून अनेक रूपांतरांत ऑनिक्सचे आकडे वाढवलेले आढळतात, आणि ब्रॉकच्या मूळच्या दोन प्राण्यांच्या जागी पाच-सहा कसलेले प्राणी येतात.

येथे संपादक चुकतो असे वाटते, आणि त्याची चूक शिकण्यासारखी आहे. पाठचिकित्सेत एक जुना नियम आहे: दोन पाठांपैकी जो अवघड, जो सहज पटत नाही, तो बहुधा अधिक जुना असतो, कारण लेखकू अवघडाचे सोपे करतात, सोप्याचे अवघड करीत नाहीत. ऑनिक्सचे ४५ हा असा अवघड पाठ आहे. तो न पटणारा आहे म्हणून चुकीचा नाही. जे प्रचंड दिसते ते अजिंक्य असतेच असे नाही, हे मुलाला शब्दांत न सांगता सांगण्याचा तो मार्ग होता. मूल घाबरते, धीर धरून एक प्रहार करते आणि डोंगर कोसळतो. ज्या मुलाने प्रारंभी अग्नीचा प्राणी निवडला त्याला मात्र हा डोंगर खराच जड जाई. तेही बहुधा योजनेतच होते, कारण निवडीला किंमत असते हे त्याला तेथे कळे. पुढे स्वतः कर्त्यांचाही धीर थोडा सुटला. २००४ च्या ‘फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’ या पुनर्लिखित आवृत्त्यांत त्यांनी अग्नीच्या चारमँडरला धातूच्या नख्यांचा प्रहार लौकर शिकवून वाट सुकर केली. ही दुरुस्ती निदान मुलाच्या बाजूने होती. हौशी संपादकाची दुरुस्ती पूर्वी मूल असलेल्या प्रौढाच्या बाजूने असते. आकडे सुसंगत झाले, पण ते आकडे ज्याच्यासाठी मांडले होते तो वाचक दारातच अडला.

याच्या उलट, एक बदल जवळजवळ सर्वांनी केला आणि तो योग्यच केला असे म्हणावे लागते. २००६ पूर्वीच्या खेळांत प्रहार अंगाचा आहे की अंतःशक्तीचा, हे त्याच्या प्रकारावरून ठरे. अग्नी, जल, वीज हे सगळे अंतःशक्तीचे. भूत, विष, शिला हे सगळे अंगाचे. परिणामी गेंगर या भुताची कुचंबणा झाली. तो भूत आणि विष या दोन्ही प्रकारांचा. त्याची अंतःशक्ती १३० आणि अंगबळ निम्मे, ६५. त्याचे स्वतःचे म्हणावेत असे सगळे प्रहार मात्र अंगबळावर चालणारे. स्वभावाविरुद्धच्या धंद्यात जन्म काढणारी माणसे असतात तसा हा प्राणी दहा वर्षे वावरला. ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’पासून प्रत्येक प्रहाराचा निर्णय स्वतंत्रपणे होऊ लागला, आणि हौशी मंडळींनी हा नियम मागे नेऊन २००४ च्या ‘फायररेड’ व ‘एमराल्ड’मध्ये बसवला. हा कालविपर्यास आहे यात शंका नाही. उत्तरकालीन व्याकरणाने पूर्वकालीन ग्रंथ शुद्ध करण्यासारखे आहे. तरी ऑनिक्सच्या प्रकरणात आणि या प्रकरणात भेद आहे. गेंगरच्या कुचंबणेतून कोणालाही काही कळत नव्हते. ती अर्थातून आलेली नव्हती, हिशेबाच्या सोयीतून आलेली होती.

विपुलतेचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. ‘प्लॅटिनम’च्या प्रदेशसूचीत २१० जाती होत्या, आणि त्या काळापर्यंतच्या एकूण जाती ४९३. उरलेल्या मिळवायच्या तर दुसरे खेळ, दुसरी यंत्रे आणि दुसरी माणसे लागत. २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या ‘रेनेगेड प्लॅटिनम’ या नामांकित रूपांतरात सर्व ४९३ जाती एकाच खेळात मिळतात, आणि त्यांची वाटणी अत्यंत कसोशीने केलेली आहे. कोणती जात कोणत्या गवतात, कोणत्या प्रहरी, शंभरात किती वेळा भेटेल याच्या याद्या सोबत जोडल्या आहेत. खेळणाऱ्याला पहिल्याच तासात हवे ते निवडता येते. १९९६ च्या पहिल्या वाटेवर अशी निवड नव्हतीच. तेथे दोनच जाती होत्या, एक पाखरू आणि एक उंदीर. पुन्हा पाखरू, पुन्हा उंदीर. या दारिद्र्याला कंटाळलेले लोकच रूपांतरे करतात हे खरे आहे. तथापि पुढच्या रानात अचानक तिसरा प्राणी समोर येई तेव्हा छातीत जे धस्स होई ते त्या दारिद्र्याचेच देणे होते. ज्याने रोज किडे शोधले आणि बहुतेक दिवशी तेच ते किडे पाहिले, अशा माणसाने ती वाट आखली होती.

काठिण्याबद्दल थोडे. अलीकडच्या रूपांतरांत, विशेषतः ‘रॅडिकल रेड’ किंवा ‘रन अँड बन’ यांसारख्यांत, पातळीला मर्यादा घातलेली असते. पुढच्या प्रमुखाच्या श्रेष्ठ प्राण्याहून तुमचा प्राणी मोठा होऊच शकत नाही. मूळ खेळात रानात चार तास अधिक घालवून दुबळे मूलही जिंकू शके. चिकाटी हे बुद्धीला पर्यायी साधन होते, आणि ही मर्यादा ते साधन काढून घेते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे भारतीय अभ्यासकाने लक्ष द्यावे. हे खेळ इतके दाट झाले की प्रतिस्पर्ध्यांचे प्राणी, प्रहार आणि वस्तू यांची कोष्टके शेजारी उघडी ठेवल्याशिवाय, प्रत्येक आघाताचा हिशेब आधी मांडल्याशिवाय ते खेळणे कठीण होते. अनेक कर्ते ही कोष्टके स्वतःच पुरवतात. सूत्र लिहिताना भाष्य गृहीत धरणारा शास्त्रकार आपल्याला परिचित आहे. मुलांच्या खेळाला सूत्राची कळा यावी आणि तो गुरुमुखाशिवाय उलगडू नये, ही गंमतच म्हणायची.

आज्ञावलीला हात न लावता केलेले संस्करणही असू शकते. २०१० मध्ये एका हौशी चित्रकथेतून ‘नझलॉक’ नावाचा दंडक रूढ झाला. जो प्राणी लढाईत कोसळेल तो मेला असे मानून सोडून द्यावा. प्रत्येक प्रदेशात पहिला भेटेल तोच पकडावा. प्रत्येकाला नाव ठेवावे. खेळातील एक अक्षर बदललेले नाही, आणि तरी विनोदी काव्याचे शोककाव्य झाले. सगळ्या रूपांतरकारांच्या तुलनेत या व्रतकर्त्याने कमीत कमी लिहिले आणि जास्तीत जास्त बदलले, असे कधीकधी वाटते. पुढे रूपांतरेच या दंडकाला डोळ्यांपुढे ठेवून रचली जाऊ लागली.

आता मुख्य गोष्टीकडे यावयास हवे. ताजिरी यांनी गेम बॉयची दोन यंत्रे जोडणारी केबल पाहिली तेव्हा त्यांच्या मनात आले ते दृश्य प्रसिद्ध आहे: त्या तारेतून किडे सरपटत या बाजूने त्या बाजूला जात आहेत. खेळाचे सारे शरीर या दृश्याभोवती बांधलेले आहे. एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या काढल्या त्या यासाठीच. ‘रेड’मध्ये जे प्राणी आहेत त्यांतले काही ‘ग्रीन’मध्ये नाहीत, आणि उलट. एकट्याने कितीही हिंडले तरी सूची पुरी होत नाही. त्यापुढची योजना अधिक धीट होती. कडाब्रा, मचोक, ग्रॅव्हलर आणि हॉन्टर हे चार प्राणी कितीही लढवले तरी अंतिम रूपाला पोहोचत नाहीत. त्यांना दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. तारेतून पलीकडे जाताना त्यांची उत्क्रांती होते. मग पलीकडच्याने तो परत द्यावा, किंवा न द्यावा. देणाऱ्याला या जोखमीसह द्यावे लागे. अदलाबदलीतून आलेल्या प्राण्यावर पहिल्या मालकाचे नाव आणि क्रमांक कायम राहतात. तो नव्या घरी लौकर वाढतो, अनुभव त्याला दीडपट मिळतो. पण धन्याची योग्यता पुरेशी नसेल तर तो सांगितलेले ऐकत नाही. दुसऱ्याकडून आलेल्या गोष्टीशी माणसाचे जे नाते असते त्याचे इतके नेमके वर्णन मुलांच्या करमणुकीत सापडावे ही साधी गोष्ट नव्हे.

हौशी रूपांतरकार हे सगळे काढून टाकतो. अमुक पातळी गाठली की कडाब्राचे अंतिम रूप व्हावे, किंवा बाजारात मिळणारी एखादी वस्तू दिली की व्हावे, अशी व्यवस्था तो करतो. आणि ही व्यवस्था इतकी सार्वत्रिक आहे की तिला कोणी बदल मानीत नाही. खेळातील प्राण्यांची यदृच्छेने उलथापालथ करून देणारे एक लोकप्रिय साधन आहे. त्यात खूण करण्याचा एक पर्याय असतो. त्याचे नाव मराठीत आणायचे तर ‘अशक्य उत्क्रांती बदला’ असे होईल. ‘अशक्य’ या शब्दाशी थबकावे लागते. १९९६ मध्ये ज्याला फक्त शेजारचा मुलगा आणि हातभर तार लागत होती, ती गोष्ट साधनाच्या कर्त्याच्या शब्दकोशात अशक्य झाली आहे.

त्याला दोष देता येत नाही. त्याचा वाचक संगणकावर, फोनवर, रात्री उशिरा, एकटा खेळतो. ज्या रूपांतराचा पॅच त्याने लावला आहे तेच रूपांतर, त्याच आवृत्तीचे, हाती असलेला दुसरा माणूस त्याच्या गल्लीत नसतो. बहुधा त्याच्या शहरातही नसतो. मूळ नियम तसाच ठेवला तर अलाकझाम आणि गेंगर यांना कोणीही कधी पाहणार नाही. संपादकापुढे पर्याय दोनच: पाठ जसाच्या तसा राखून त्याचा अर्थ मरू द्यावा, किंवा पाठ बदलून निदान प्राणी तरी जिवंत ठेवावा. तो दुसरा पर्याय घेतो, आणि त्याच्या जागी बसणारा दुसरा कोणीही बहुधा तेच करील. तरी जे घडते ते नुसते सोयीचे नाही. ‘सर्व ४९३ जाती उपलब्ध’ हे वाक्य रूपांतराच्या प्रस्तावनेत अभिमानाने येते तेव्हा त्याचा दुसरा अर्थ असा असतो की आता कोणाचीही गरज उरलेली नाही. जी सूची मुद्दाम अपुरी ठेवली होती ती पूर्ण झाली, आणि ज्या माणसासाठी ती अपुरी ठेवली होती तो हिशेबातून गेला. काही संपादक नव्या वाटेबरोबर जुनी वाटही राहू देतात. केबलची आज्ञा संहितेत तशीच असते, ती कोणी वापरो वा न वापरो. प्राणी वाढवणे, काठिण्य आणणे, नवी कोष्टके रचणे या सगळ्या पराक्रमांहून ही छोटी मर्यादा अधिक जाणतेपणाची वाटते.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद शेवटी घातली. त्यांच्यापुढे प्रश्न इतरांनी घातलेल्या भरीचा होता. या मंडळींपुढे तो आपण काय घालू नये याचा आहे. शिवाय एकनाथांना लाभलेली निश्चिंती यांना नाही. शुद्ध केलेली प्रत टिकेल याची त्यांना खात्री नसते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘युरेनियम’ हा नऊ वर्षे खपून केलेला खेळ प्रसिद्ध झाला. त्यात पॅचची युक्ती नव्हती, तो स्वतंत्रपणे रचलेला होता. पंधरा लाखांहून अधिक प्रती लोकांनी उतरवून घेतल्यानंतर निन्टेन्डोच्या वकिलांच्या नोटिशा आल्या आणि कर्त्यांनी तो मागे घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘प्रिझम’ हे सुमारे आठ वर्षे चाललेले रूपांतर नाताळात प्रसिद्ध व्हायचे होते; चार दिवस आधी नोटीस आली आणि कर्त्याने काम थांबवले. तो निव्वळ पॅच होता. काही दिवसांतच अनामिकांनी तो परस्पर प्रसृत केला आणि पुढे इतरांनी त्यातल्या चुका दुरुस्त केल्या. मालकी हक्काच्या दृष्टीने कंपनीची बाजू समजण्यासारखी आहे. प्राणी तिचे आहेत, नावे तिची आहेत. पण कर्त्याने सोडलेली संहिता अनामिकांच्या हातून पुढे सरकत राहणे हा प्रकार भारतीय हस्तलिखितांच्या अभ्यासकाला नवा वाटू नये.

या दोन पक्षांचे नाते नोटिशीपुरतेच आहे असे मात्र नाही. २८ जानेवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘लेजेंड्स: आर्सियस’ या अधिकृत खेळात मूळ कर्त्यांनी एक नवी वस्तू आणली. तिचे नाव ‘लिंकिंग कॉर्ड’, म्हणजे जोडणारी दोरी. ती वापरली की कडाब्रा, मचोक, ग्रॅव्हलर, हॉन्टर यांची उत्क्रांती अदलाबदल न करता होते. हौशी रूपांतरांत अशी सोय कित्येक वर्षे आधीपासून होती. अधिकृत पाठात ती आता दाखल झाली. जुन्या केबलची आठवण नावापुरती राहिली. अदलाबदलीचा मार्ग त्या खेळातही बंद केलेला नाही. शेजारी कोणी असेल तर प्राणी अजून त्याच्या हाती देता येतो, आणि तो परत येईपर्यंत वाट पाहावी लागते.